बँकॉक की ॲमस्टरडॅम? पाच जणांची चाळिशी, आणि कारण लपवत नाही

सराफा_रात्री_बारा

भिया राम मंडळी.

पाच मित्र आहोत, सगळे इंदूरचे, शाळेपासूनचे. यंदा पाचही जण चाळीस पूर्ण करून राहिलो. दोन वर्षांपासून भिशी चालू आहे, आता त्या पैशात फॉरेनला जायचं ठरलंय. बायका-पोरं नाहीत, फक्त आम्ही पाच. इथपर्यंत घरी सगळ्यांना माहीत आहे. पुढचं नाही.

दोघांना बँकॉक-पट्टाया पाहिजे. एक ॲमस्टरडॅमवर अडून बसलाय. म्हणे तिकडे सगळं कायद्यानं चालतं, पोलिसाचं टेन्शन नाही, वर 'क्लास' आहे. चौथा जिकडे बाकीचे तिकडे. पाचवा मी. देवळं आणि ट्युलिप बघायला जात नाही आहोत हे सरळच सांगतो, आडपडदा कशाला. मला स्वतःला ते कितपत जमेल माहीत नाही, पण ग्रुपमध्ये असं बोललो तर साठीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. भिशीचा हिशेब माझ्याकडे, म्हणून चौकशीपण माझ्याच गळ्यात. कोणी गेलंय का? दोन्हीतलं कुठलं बरं?

(हा आयडी नवा आहे. जुन्या आयडीनं मी इथे भाज्यांच्या धाग्यावर लिहितो.)

कोपऱ्यातला_पोहा

पोह्यांवरच्या जिरावणची डबी घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे. शतक होणार.

तिकीटवाला

धागाकर्ते भाऊ, तुमच्यासारखे ग्रुप आमच्या काउंटरवर आठवड्याला येतात. बोलणी नेहमी सारखीच. चौघं बाहेर स्कूटरवर थांबतात, एक आत येतो आणि 'हॉटेल सेंटरला पाहिजे' असं म्हणतो. त्यापलीकडे तो बोलत नाही, मी विचारत नाही. आमच्या छापील कार्यक्रमात 'संध्याकाळ मोकळी' अशी एक ओळ असते. आजवर एकाही गिऱ्हाईकानं त्या ओळीचा अर्थ विचारलेला नाही.

धंद्याचं सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला आणि आमचा निम्मा कागद कमी झाला. त्याआधीही तिकडची मोठी गर्दी घरच्या पैशानं जाणाऱ्यांची नव्हतीच, डीलर ट्रिपची होती. सिमेंट, रंग, कीटकनाशकं, टाइल्स. टार्गेट पूर्ण केलं की कंपनी चार रात्री पाठवते. माळव्यातली अर्धी बाजारपेठ पट्टायाचा समुद्र बघून आली आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी अजून मुंबईचा नीट पाहिलेला नाही.

ॲमस्टरडॅमला शेंगेन व्हिसा लागतो. ९० युरो फी, बँकेची स्टेटमेंटं, अपॉइंटमेंट, वर कव्हरिंग लेटर. 'आम्ही का जात आहोत' ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. पाचांपैकी कोणाचं अक्षर चांगलं आहे?

कोपऱ्यातला_पोहा

तिकीटवाले, हसून चहा सांडला. 'महोदय, आम्ही खालील सही करणारे पाच इसम...'

स्पष्टच_बोलतो

आता सगळे संस्कृतीरक्षक धावत येतील, त्याआधी माझं ऐका. दोन सज्ञान माणसं, पैसे ठरलेले, जबरदस्ती नाही. तुम्हाला काय करायचंय? धागाकर्त्यानं निदान खरं कारण सांगितलं. बाकीचे 'कॉन्फरन्स' सांगून जातात. माझं मत ॲमस्टरडॅमला. तिथे बाई स्वतःचा व्यवसाय नोंदवते, कर भरते, गिऱ्हाइकासाठी ज्या खिडकीत उभी राहते तिचं भाडं देते. आपल्याकडच्या ढोंगापेक्षा बरं.

कालव्याकाठी

मी लोकमान्य नगरची, गेली अकरा वर्षं ॲमस्टरडॅमला लागूनच्या ॲम्स्टलव्हेनला आहे. स्पष्टच_बोलतो म्हणतात ती गोष्ट कागदावर खरी आहे. इथे १९११ पासून वेश्यागृहांवर बंदी होती, ती १ ऑक्टोबर २००० ला उठली. पण त्यानंतर काय झालं ते इंदूरपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

पालिकेलाच पुढे वाटायला लागलं की परवान्याच्या आडून दलाल आणि काळा पैसा घुसलाय. २००७ पासून खिडक्यांच्या त्या भागाच्या पिनकोडवरून '१०१२' नावाची मोहीम चालली आणि बऱ्याच खिडक्या बंद झाल्या. २०१३ मध्ये काम करण्याचं किमान वय १८ वरून २१ केलं. २०२० पासून खिडक्यांसमोरून गाइडनं टोळकी फिरवायला मनाई आहे. २०२३ मध्ये त्या गल्ल्यांत उघड्यावर गांजा ओढायला बंदी आली. त्याच वर्षी पालिकेनं तरुण ब्रिटिश पुरुषांसाठी चक्क 'येऊ नका' अशी जाहिरात केली. ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा बाई आहेत. त्या म्हणतात यातल्या बऱ्याच खिडक्या मध्यवस्तीतून काढून एका इमारतीत हलवा. २०२३ च्या अखेरीस युरोपाबुलेवार्डची जागा ठरली, ती माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. तिथले रहिवासी विरोधात. आणि गंमत म्हणजे खिडक्यांमधल्या बायकाही विरोधात. त्या म्हणतात, आम्हाला वस्तीतून काढून आडबाजूला नेलंत की आम्ही जास्त असुरक्षित. मोर्चापण काढला होता.

दुसरं म्हणजे 'क्लास'. शनिवारी रात्री पाहुणे आले की मला त्यांना तिकडे न्यावं लागतं, कारण सगळ्यांना 'नुसतं बघायचं' असतं. अरुंद गल्ली, बिअरचा वास, एकमेकांना ढकलत चाललेले पुरुष. बहुतेक बायका रुमानिया, बल्गेरिया, हंगेरीच्या. कोणी मोबाइल वर केला की त्या आतून काचेवर अंगठीनं टकटक करतात किंवा पडदा ओढून घेतात. आपल्याकडचा एक काका, चांगला साठीचा, त्या टकटकीला 'बोलावतेय' समजला आणि हात हलवायला लागला. ती फोटो काढू नको म्हणत होती.

भर चौकात तेराव्या-चौदाव्या शतकातलं जुनं चर्च आहे आणि चर्चच्या दारात एका वेश्येचा ब्राँझचा पुतळा. २००७ मध्ये बसवला. जगभरातल्या या बायकांचा आदर करा, असं त्यावर कोरलेलं आहे. फोटो मात्र लोक पुतळ्याच्या कमरेत हात घालून काढतात.

वकील_पलासिया

'कायद्याचं टेन्शन नाही' यावर थोडं.

थायलंडमध्ये हे कायदेशीर आहे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. नाही. १९६० मध्येच बंदी आली आणि सध्याचा कायदा १९९६ चा आहे. कुंटणखाना चालवणं, दलाली, जाहिरात, सगळं गुन्हा. मुलगी १५ ते १८ मधली असेल तर गिऱ्हाइकाला १ ते ३ वर्षं कैद, त्याहून लहान असेल तर २ ते ६ वर्षं. तिनं मान्य केलं होतं की नव्हतं हे विचारातच घेत नाहीत.

नेदरलँड्समध्ये २०२२ पासून गिऱ्हाइकावरही जबाबदारी आली आहे. बाई मानवी तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला जागा असून गेलात, तर तुम्ही गुन्हेगार.

आणि 'इंदूरला परत आलो की सुटलो' हेही चूक. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालवता येतो. जुन्या दंडविधानात कलम ४ होतं, आता न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात ते आहे. केंद्राची परवानगी लागते, पण मार्ग आहे. १८ खालच्या मुलीला आपला पॉक्सो कायदा मूल समजतो, ती कुठल्या देशातली हे तो विचारत नाही.

स्पष्टच_बोलतो

वकीलसाहेब, धागाकर्ता सज्ञान बायकांबद्दल विचारतोय. लहान मुलींचं मध्येच आणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

वकील_पलासिया

ओवत नाही. पण अनोळखी देशात, रात्री एक वाजता, चार बिअर घेतलेल्या पाच जणांपैकी कोण कोणाचं वय तपासणार आहे, एवढंच सांगा. आधार कार्ड मागणार का? प्रवासी पुरुषांना मुलं पुरवण्याविरुद्ध जी जागतिक संस्था काम करते, एकपॅट, तिची सुरुवात १९९० मध्ये कुठे झाली, तर थायलंडमध्येच.

महूकर_निवृत्त

तरुण मंडळींनो, मी ७६ वर्षांचा आहे, या विषयावर लिहू की नको असा विचार करत होतो. पण दोन्ही शहरांबद्दल सगळे असं बोलताहेत की जणू तिथल्या हवेतच काही आहे. तेव्हा लिहितो.

पट्टाया हा कोळीवाडा होता. १९५९ च्या सुमारास कोराटच्या तळावरचे अमेरिकन शिपाई सुट्टीला तिथे येऊन राहिले, अशी कथा तिकडे सांगतात. व्हिएतनामची लढाई पेटली, जवळच उ-तापाओचा विमानतळ झाला, बॉम्बफेकी विमानं तिथून उडू लागली. १९६७ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला, की शिपायांना विश्रांती आणि करमणुकीसाठी थायलंडमध्ये पाठवायचं. आता गंमत बघा. १९६० ला वेश्याव्यवसायावर बंदी, आणि १९६६ ला 'करमणुकीच्या जागां'ना परवाने देणारा दुसरा कायदा. पुढच्या दारानं हाकलायचं, मागच्या दारानं परवाना. शिपाई गेले, खोल्या आणि दिवे राहिले. मग त्या खोल्या भरायला जगभरचे पर्यटक आले. आणि बायका बहुतेक इसानच्या, म्हणजे ईशान्येच्या कोरडवाहू भातशेतीच्या प्रदेशातल्या. पाऊस गेला की मुलगी शहरात.

यात आपल्याला परकं काही नाही. १८१८ चा मंदसौरचा तह झाला, होळकरांची सत्ता आखडली आणि आमच्या महूला इंग्रजांची छावणी पडली. हिंदुस्थानभरच्या गोऱ्या छावण्यांत पलटणीच्या बाजाराला लागून बायकांची वस्ती असे, 'लाल बाजार' म्हणत. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्यानं त्या बायकांची नोंदणी केली. ठरल्या वारी तपासणी. आजारी निघाली तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचं. शिपायाची तपासणी? ती त्याला अपमानास्पद वाटते म्हणून नाही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर बाईंनी याविरुद्ध रान उठवलं, तेव्हा १८८८ मध्ये पार्लमेंटनं ठराव करून हे थांबवायला सांगितलं. थांबलं किती, तो वेगळा विषय.

आणि नीमच-मंदसौर-रतलामच्या हायवेला रात्री गाडीनं गेला असाल तर रस्त्याकडेच्या खाटा तुम्ही पाहिल्या असतील. बांछडा समाजात थोरल्या मुलीला धंद्याला बसवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. गाडीतले सगळे अशा वेळी मोबाइलमध्ये बघायला लागतात. म्हणून मला कुतूहल आहे. जी गोष्ट इथून तीन-चार तासांवर दिसली की आपण काच वर करतो, तिच्यासाठी विमानाचं तिकीट काढलं की ती 'सहल' कशी होते?

कोपऱ्यातला_पोहा

आजोबा, दंडवत. डबी बंद केली.

खाजखरूज_डॉक्टर

स्किन-व्हीडीची प्रॅक्टिस आहे, त्यामुळे या धाग्याचा दुसरा भाग माझ्याकडे येतो, साधारण दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये.

'तिकडे सगळ्यांची तपासणी असते' हे मनातून काढा. थायलंडनं १९९१ पासून देशभर शंभर टक्के कंडोमचा नियम लावला आणि एचआयव्ही खूप खाली आणला हे खरं. मेचाई विरावैद्य या माणसानं इतका प्रचार केला की तिकडे कंडोमला 'मेचाई' म्हणायला लागले. पण सिफिलिस, हर्पीस, मस्से हे कंडोमनं झाकलेल्या जागेपुरतेच थांबत नाहीत. एचआयव्हीची शंका आली तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू कराव्या लागतात, २८ दिवस. लोक येतात विसाव्या दिवशी, कारण आधी ऑफिस होतं, मग मुलीची परीक्षा होती.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून. गृहस्थ आले, तपासले, औषध लिहिलं. म्हटलं, पत्नीलाही हेच घ्यावं लागेल, नाहीतर तुम्हाला परत होईल आणि तिला तर झालेलं असेलच. ते बराच वेळ माझ्या पेपरवेटकडे बघत बसले. मग म्हणाले, 'मॅडम, ॲसिडिटीची म्हणून दिली तर चालेल का? तिला ॲसिडिटी आहेच.' मी नाही म्हटलं. तिला काय झालंय ते कळण्याचा हक्क तिचा आहे. ते चिठ्ठी घेऊन गेले. पत्नी आली नाही.

एकदा_गेलेला

तीन दिवस हा धागा वाचतोय. मी गेलो आहे, बँकॉकला, सहा वर्षांपूर्वी. एम.टी. क्लॉथ मार्केटमधले आम्ही चौघं. उपदेश करायला लिहीत नाही, मला तो अधिकारच नाही.

पहिल्या रात्री फसलो. रस्त्यावरच्या माणसानं कार्ड दाखवलं, वर जिन्यानं नेलं, आत बसल्यावर दोन बिअरचं बिल आलं ते आमच्या चौघांच्या हॉटेलपेक्षा जास्त. दारात दोघं उभे. पैसे दिले. कुठल्या तोंडानं पोलिसात जाणार?

दुसऱ्या रात्रीचं सांगायचं आहे. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. सगळी बोलणी कॅल्क्युलेटरवर झाली. जुना, मोठ्या बटणांचा, आपल्या दुकानात असतो तसा. ती आकडा टाकायची, मी पुसून कमी टाकायचो, ती हसून परत वाढवायची. आयुष्य कापडात गेलं, घासाघीस हातात बसलेली. खरं सांगतो, मला मजा येत होती. आकडा जमला. मी वेळ बघायला फोन काढला, तर स्क्रीनवर माझ्या मुलीचा फोटो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नऊवारी नेसलेला. मी घाईनं पालथा घालत होतो, पण तिनं पाहिला. तिनं बोटानं फोटोकडे खूण केली आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मला आधी वाटलं पैसे वाढवून मागतेय. मग कळलं, वय विचारतेय. मी ९ टाकला. तिनं तो पुसला, ११ टाकला आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

त्याच्यावर आमचा ठरलेला आकडा होता ना, तो पुसूनच हे ९ आणि ११ टाकले होते.

मी पैसे दिले आणि खोलीवर गेलो, एकटा. मित्रांना सांगितलं मजा आली. चौघांत मी कसा होतो ते आजही रंगवून सांगतात, मी मान डोलावतो. खरं पहिल्यांदा इथे लिहिलं.

स्पष्टच_बोलतो

एकदा_गेलेला, मनापासून लिहिलंत. तरी माझा मुद्दा राहतोच. तुम्ही पैसे देऊन निघून आलात, चांगलं केलंत. पण तिला तिच्या त्या अकरा वर्षांच्या मुलासाठी उद्या पुन्हा यायचंच होतं. बंदीनं तिचं काय भलं होणार? उलट पोलिसाचा हप्ता वाढेल.

कालव्याकाठी

हे मात्र मलाही पटतं. थायलंडमध्ये याच बायकांची 'एम्पॉवर' नावाची संस्था आहे, १९८५ पासूनची. त्यांनी चियांग माईला २००६ मध्ये स्वतःचा बार काढला. कामाचे ठरावीक तास, सुट्टी, विमा. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला दयाही नको आणि धाडीही नकोत, कामगार म्हणून मोजा. पण स्पष्टच_बोलतो, तिचे हक्क हा एक प्रश्न आणि धागाकर्त्यानं जावं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप येत नाही.

धागा_राखण

सूचना: हॉटेलं, गल्ल्या, दर, 'संपर्क' विचारणारे सात प्रतिसाद उडवले आहेत. व्यक्तिगत निरोपातूनही ते चालणार नाही. चर्चा चालू द्या.

ऊर्मी_राजेंद्रनगर

बाबांचं कीटकनाशकांचं दुकान होतं. २००४ मध्ये टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीनं पट्टायाला नेलं. मी अकरावीत होते. आम्हाला वाटलं केवढा मान. येताना सगळ्या नातेवाइकांना वाघछाप बाम, मला हत्तीची किचेन.

तिकडे पर्यटकांचे फोटो काढून ते चिनीमातीच्या बशीवर छापून विकतात. तशी एक बशी त्यांच्या बॅगेत तळाशी, बनियनमध्ये गुंडाळलेली होती. फोटोत बाबा आणि एक मुलगी, तिचा हात त्यांच्या गळ्यात. टाकून का नाही दिली, मला आजही समजत नाही. बहुधा पैसे दिले होते म्हणून. आमच्या घरात पैसे देऊन आणलेलं काही फेकत नाहीत.

बॅग आईनं उपसली. भांडण झालं नाही. मी वाट बघत होते, झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले. बाबांना शेव वेगळी लागते, वरून लगेच घातलेली मऊ पडते म्हणून. आईनं ती शेव त्या बशीत घालून त्यांच्यासमोर ठेवली. तिसऱ्या दिवशी परत. मग रोजच. पाहुणे असले की साधी वाटी, नसले की ती बशी. बाबा शेव पूर्ण संपवत नसत, तळाला थोडी राहू देत. आई ती तशीच उचलून नेई, झटकून, धुऊन, पुसून फडताळात उभी करून ठेवी. चौदा वर्षं. बाबा गेले त्या वर्षीपर्यंत फोटोतले चेहरे घासून गेले होते, हात तेवढा दिसायचा.

बाबा वाईट नव्हते. मला त्यांनीच गाडी शिकवली.

कोपऱ्यातला_पोहा

...

सराफा_रात्री_बारा

धागाकर्ता बोलतोय. उशीर झाला, माफ करा.

काल रात्री सराफ्यात पाचही जण बसलो होतो. भुट्ट्याचा कीस घेतला होता. मी ऊर्मीताईंचा प्रतिसाद मोबाइलवरून मोठ्यानं वाचला. ॲमस्टरडॅमवाला आधी हसत होता. बशीपाशी आल्यावर थांबला. त्याचे वडीलपण डीलर ट्रिपला गेले होते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, त्यानं तेव्हा सांगितलं. बँकॉकवाले दोघं म्हणाले, यार, तू पण कुठे काय वाचत बसतो. ते जाणारच. त्यांना मी थांबवू शकत नाही, त्यांचा भिशीचा वाटा त्यांना देऊन टाकणार. खाल्लेलं बिल नेहमी माझ्याकडून जातं, काल प्रत्येकानं आपापलं दिलं.

तिकीटवाले दादा, तुम्हीच आमचं काउंटर आहात हे मला 'हॉटेल सेंटरला पाहिजे'वरूनच कळलं होतं. ती पाच तिकिटं धरली आहेत त्यातली तीन सोडा.

तिकीटवाला

सोडली. होल्डवर होती, पैसे कापले जाणार नाहीत. राहिलेल्या दोघांना पासपोर्टच्या कॉपी घेऊन शुक्रवारच्या आत पाठवा. स्कूटर बाहेर लावून दोघंही आत या म्हणावं.